फॉरमॅट मारण्याआधी



मंडळाच्या ग्रुपवर मी सहज एक ओळ टाकली होती, 'लॅपटॉप निळा पडला होता, आता चालू झाला.' त्यावर चार दिवसांत सात-आठ जणींचे फोन आले. बहुतेकींच्या घरी हे कधी ना कधी झालेलं, आणि बहुतेकींना दुकानात एकच औषध सांगितलेलं, "ताई, फॉरमॅट मारायला लागतंय." एकीचे नातवाच्या बारशाचे फोटो त्यात गेले. एकीच्या यजमानांचे दुकानाचे तीन वर्षांचे हिशेब गेले. म्हणून आज पाककृती नाही, हे लिहिते. थोडं लांबेल, पण जिथं बटणं दाबायची असतात तिथं घाई करून चालत नाही.

आमच्या घरातला हा लॅपटॉप मूळचा मुलाचा. तो नोकरीला पुण्याला गेला, तिथं ऑफिसने त्याला दुसरा दिला, हा घरी राहिला. त्याला व्हिडिओ करायचं वेड, म्हणून ह्यात वेगळं ग्राफिक्स कार्ड आहे. माझं काम मात्र साधं. मंडळाचा जमाखर्च, पाठशाळेच्या मुलांच्या याद्या, आणि गेल्या वर्षापासून आईंचं सांगणं. आई म्हणजे माझ्या सासूबाई, वय ८४. दुपारी सामायिक झालं की त्या बोलतात आणि मी फोनवर रेकॉर्ड करते. अष्टमी-चतुर्दशीला हिरवी भाजी नसते तेव्हाच्या आमट्या, कच्च्या केळ्याचे प्रकार, मुनींचा आहार असेल तेव्हा चौका कसा लावायचा, माहेरी लग्नात कोण काय म्हणायचं. फोनमधली जागा भरते, म्हणून ते लॅपटॉपवर घ्यायचं आणि फोनमधून काढायचं. मग सवडीने टाइप करायचं. महिन्याच्या शेवटच्या दिवशी सगळं पेनड्राइव्हवर उतरवून कपाटात ठेवते.

हे झालं २७ तारखेला. त्या महिन्यात आई भरभरून बोलल्या होत्या. हल्ली त्यांचं असं होतं की आज लख्ख सांगितलेलं उद्या विचारलं, तर नुसत्या माझ्याकडे बघत राहतात. म्हणजे त्या २७ दिवसांची दुसरी प्रत कुठंच नव्हती, कदाचित आईंच्या डोक्यातही नव्हती.

संध्याकाळची जेवणं उरकून मी लॅपटॉप उघडला तर कोपऱ्यात चिठ्ठी आली होती. ग्राफिक्स ड्रायव्हर अपडेट झाला आहे, रीस्टार्ट करा. लॅपटॉपबरोबर आलेला एक प्रोग्राम असतो, तो ही कामं आपली आपण करतो. रीस्टार्ट केलं. कंपनीचं चिन्ह आलं, खालचे ठिपके गोल फिरले, आणि पासवर्डचा पडदा यायच्या ऐवजी निळा पडदा. दु:खी चेहरा, खाली इंग्रजीत दोन ओळी, मग आपोआप बंद आणि पुन्हा सुरू. पुन्हा चिन्ह, ठिपके, निळा. पाच-सहा वेळा हेच.

आई शेजारी बसून बघत होत्या. मी म्हटलं, "ड्रायव्हर बदललाय, त्यामुळं झालंय." तर त्या म्हणाल्या, "मग जुन्याला बोलवा की परत. गाडी काय मोडली नाही."

हसू नका, नेमकं निदान तेच होतं.

ड्रायव्हर म्हणजे विंडोज आणि एखादा भाग यांच्यामधला दुभाषी. पडदा, वायफाय, आवाज, प्रिंटर, प्रत्येकाची भाषा वेगळी, म्हणून प्रत्येकाचा ड्रायव्हर वेगळा. साधा प्रोग्राम बिघडला तर तो एकटा बंद पडतो, बाकीचं चालू राहतं. बरेचसे ड्रायव्हर मात्र विंडोजच्या अगदी गाभ्यात बसून काम करतात. तिथं एकानं चूक केली तर पुढं काही वेडंवाकडं लिहिलं जाऊ नये म्हणून विंडोज स्वत:च सगळं थांबवते. निळा पडदा म्हणजे हे मुद्दाम थांबणं. अलीकडं विंडोज ११ मध्ये तो पडदा काळा केलाय, तेव्हा काळा दिसला तरी वेगळा रोग समजू नका. आणि सुरू होतानाच हे का होतं, तर ड्रायव्हर तेव्हाच एकेक करून कामाला लागतात. बिघडलेल्याची पाळी आली की गाडी थांबते, रोज त्याच थांब्यावर.

आपले फोटो, हिशेब, आवाज ह्या सगळ्यात कुठंच नसतात. ते डिस्कवर होते तिथं शांत पडून असतात. ही गोष्ट दुकानात कुणी सांगत नाही.

ह्यांनी दुकानात फोन लावला. नेहमीचाच माणूस, वाईट नाही. "विंडोज उडालंय साहेब, फॉरमॅट मारून नवीन टाकून देतो, पाचशे रुपये. डेटाची गॅरंटी नाही." ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली, नको. सकाळपर्यंत यंत्र चालत होतं आणि मधे एकच गोष्ट बदलली होती. तेवढी एक गोष्ट मागं फिरवायची सोडून घर कशाला पाडायचं? त्याच्या दृष्टीनं फॉरमॅट सोपं, हे मी समजू शकते. पाऊण तासात काम होतं, विचार करावा लागत नाही. पण त्याचा वेळ वाचवायला आपलं वर्ष का द्यायचं?

मला धीर दिला तो १९ जुलै २०२४ च्या आठवणीनं. त्या दिवशी विमानतळांवर हातानं लिहिलेले बोर्डिंग पास दिले जात होते, आठवतंय? क्राउडस्ट्राइक नावाच्या सुरक्षा कंपनीनं आपल्या ड्रायव्हरसाठी एक सदोष फाइल पाठवली आणि मायक्रोसॉफ्टच्याच अंदाजाप्रमाणे जगातले ८५ लाख विंडोज कॉम्प्युटर निळे पडले. विमानं, दवाखाने, बँका. उपाय काय होता? सेफ मोडमध्ये जायचं आणि ती एक फाइल पुसायची. सगळ्यांनी फॉरमॅट मारलं असतं तर काय झालं असतं, कल्पना करा.

आता सेफ मोडमध्ये जायचं कसं. पूर्वी सुरू होताना एफ ८ दाबत राहायचं, ते नव्या विंडोजमध्ये सहसा चालत नाही. आता उलटी रीत आहे. लॅपटॉप सुरू करा, चिन्ह दिसलं आणि ठिपके फिरायला लागले की पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरून बंद करा. पुन्हा सुरू, पुन्हा तसंच बंद. दोनदा सुरुवात फसली की तिसऱ्यांदा विंडोज स्वत:च ओळखते आणि दुरुस्तीच्या पडद्यावर जाते. एरवी असं बटण दाबून बंद करू नये हे खरंच, पण इथं विंडोजला 'मला बरं नाही' हे कळवायचा तोच मार्ग आहे. थोडा वेळ ती आपली आपण तपासते आणि बहुधा सांगते की दुरुस्त करता आलं नाही. घाबरू नका. तिथंच 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स' असं बटण असतं.

त्यात ट्रबलशूट. आणि इथं हात आवरा, कारण शेजारीशेजारी दोन चौकटी येतात. एक 'रीसेट धिस पीसी', दुसरी 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स'. रीसेट हा फॉरमॅटचा चुलतभाऊ. त्यात 'माझ्या फाइल ठेवा' असा पर्याय आहे, पण तोही बाहेरून टाकलेले सगळे प्रोग्राम काढून टाकतो, हिशेबाचा प्रोग्राम, मराठी टायपिंगचा प्रोग्राम, सगळं. आपल्याला दुसऱ्या चौकटीत जायचंय. तिथं स्टार्टअप सेटिंग्ज, मग रीस्टार्ट. परत सुरू होताना आकड्यांची यादी येते, त्यात ४ दाबलं की सेफ मोड. इंटरनेटही हवं असेल तर ५.

पण माझ्या बाबतीत मधेच एक कुलूप आलं. निळसर पडदा, आणि बिटलॉकरची रिकव्हरी की मागितली. नव्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये डिस्क कुलूपबंद केलेली असते, चोरीला गेला तर कुणाला वाचता येऊ नये म्हणून. नेहमी ते कुलूप आपोआप उघडतं, म्हणून आपल्याला ते आहे हेच माहीत नसतं. असं आडवाटेनं शिरलं की ते विचारू शकतं. ही किल्ली ४८ आकड्यांची असते आणि ज्या मायक्रोसॉफ्ट खात्यानं लॅपटॉप सुरू केला, त्या खात्यात ती बहुधा साठवलेली असते. फोनवरून त्या खात्यात शिरूनही मिळते. खातं मुलाचं, म्हणून पुण्याला फोन केला. पडद्यावर किल्लीचा ओळखक्रमांकही दिसतो, त्याची सुरुवातीची आठ अक्षरं जुळतात का ते आधी बघायचं, कारण एका खात्यात दोन-तीन यंत्रांच्या किल्ल्या असू शकतात.

तो सहा-सहा आकडे सांगत होता, मी दाबत होते, हे कागदावर उतरवून घेत होते. आईंनी विचारलं, "किती आहेत रे आकडे?" मी म्हटलं, "अठ्ठेचाळीस." "म्हणजे भक्तामराएवढे," त्या म्हणाल्या, "मग पाठ करून टाका की." भक्तामराचे ४८ श्लोक त्यांना आजही एका दमात येतात. काल दुपारी काय सांगितलं ते येत नाही, ते येतात.

किल्ली लागली, ४ दाबलं, आणि पडदा आला. काळी पार्श्वभूमी, चारही कोपऱ्यांत 'सेफ मोड', अक्षरं भली मोठी. इथंही एक अडचण असते. रोजचा चार आकडी पिन कधी कधी सेफ मोडमध्ये चालत नाही, खात्याचा पूर्ण पासवर्ड लागतो. तोही मुलाकडून घेतला. सेफ मोड म्हणजे कॉम्प्युटरचं एकाशन म्हणा. जगायला लागतं तेवढंच घ्यायचं, बाकी सगळं बाजूला. पडदा दाखवायला विंडोजचा साधा ड्रायव्हर वापरला जातो, बिघडलेल्याला बोलावणंच जात नाही. म्हणून तर तो सुरू होतो.

सेफ मोड उघडला म्हणजे दोन गोष्टी कळल्या. डिस्क धडधाकट आहे, आणि दोष ड्रायव्हरसारख्याच कशाचा तरी आहे.

लगेच दुरुस्तीला लागायचं नाही. आधी पेनड्राइव्ह. सेफ मोडमध्ये पेनड्राइव्ह चालतो. मी आईंचा पूर्ण फोल्डर, मंडळाचा जमाखर्च आणि याद्या उतरवून घेतल्या. वीस-बावीस मिनिटं लागली. त्या वेळात आई तीनदा विचारून झाल्या, "माझा आवाज आहे का त्यात?" फाइल दिसत होत्या, तारखा दिसत होत्या, आकारही बरोबर होते. वाजवून दाखवावं म्हटलं तर आवाज नाही. सेफ मोडमध्ये आवाजाचा ड्रायव्हरही सुट्टीवर असतो. हे मला ठाऊक होतं, तरी पहिली फाइल उघडून काही ऐकू आलं नाही तेव्हा पोटात कालवलं. त्यांना म्हटलं, "आहे आई, उद्या ऐकवते." त्या झोपायला गेल्या नाहीत.

मग मूळ काम. डाव्या कोपऱ्यातल्या किंवा मधल्या स्टार्टच्या चिन्हावर उजवं क्लिक केलं की यादीत डिव्हाइस मॅनेजर असतो. त्यात 'डिस्प्ले ॲडॅप्टर्स' उघडलं तर दोन नावं. एक प्रोसेसरबरोबर येणारं साधं, दुसरं वेगळ्या कार्डाचं. कार्डाच्या नावावर दोनदा क्लिक, ड्रायव्हरचं पान. तिथं ड्रायव्हरची तारीख असते. ती त्याच महिन्यातली होती, दुसऱ्याची दोन वर्षं जुनी. चोर सापडला. त्याच पानावर 'रोल बॅक ड्रायव्हर' हे बटण असतं, म्हणजेच आईंच्या भाषेत जुन्याला परत बोलावणं. ते दाबलं की विंडोज कारण विचारते, कुठलंही निवडायचं, आणि जुना ड्रायव्हर परत येतो. बहुतेकींचं काम इथंच होईल.

माझं ते बटण फिकट होतं, दाबताच येत नव्हतं. नव्यानं येताना जुन्याला साफ काढून टाकलं होतं. मग खालचं 'अनइन्स्टॉल डिव्हाइस'. त्यात एक चौकट येते, ड्रायव्हरही काढून टाकायचा का असं विचारणारी. तिथं टिक करायचीच. केली नाही तर नुसतं नाव जातं, ड्रायव्हर आत राहतो, आणि पुढच्या सुरुवातीला विंडोज तोच उचलून लावते. टिक केली, काढलं, रीस्टार्ट.

चिन्ह, ठिपके, आणि पासवर्डचा पडदा. रात्रीचे पावणेअकरा. आईंना त्यांची केळ्याच्या कोफ्त्यांची फाइल वाजवून दाखवली. त्या ऐकत राहिल्या आणि म्हणाल्या, "मीठ सांगायचं राहिलंय ह्यात."

दुसऱ्या दिवशी लॅपटॉपच्या कंपनीच्या संकेतस्थळावरून, पाठीवरचा मॉडेल क्रमांक घालून, आधीच्या तारखेचा ड्रायव्हर उतरवला आणि टाकला. 'तुमचे सर्व ड्रायव्हर एका क्लिकवर नवे करा' म्हणणारे जे प्रोग्राम जाहिरातीत दिसतात, त्यांच्या नादी लागू नका. मला त्यांचा उपयोग कधी कळलेला नाही, उपद्रव मात्र दोन घरांत बघितलाय. विंडोज अपडेट पुन्हा तोच ड्रायव्हर आणून घालू शकते, म्हणून सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेटच्या पानावर जाऊन ते काही आठवडे थांबवून ठेवलं. विंडोज ११ मध्ये पाच आठवड्यांपर्यंत थांबवता येतं. कायमचं बंद करू नका, सुरक्षेचे अपडेटही त्याच वाटेनं येतात. आणि लॅपटॉपबरोबर आलेल्या त्या प्रोग्रामचं आपोआप करणं बंद केलं. आता तो विचारतो, मी ठरवते.

निळ्या पडद्यावर खाली जे लिहिलेलं असतं त्याचा फोटो काढून ठेवा. कधी तिथं बिघडलेल्या फाइलचं नाव येतं, त्यावरून कुठला भाग ते कळतं. 'इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस' असं आलं तर विंडोजला ज्या डिस्कवरून सुरू व्हायचं तीच गवसत नाहीये. ते डिस्कच्या ड्रायव्हरमुळंही होतं, डिस्कच बिघडल्यामुळंही होतं. तिथं जास्त जपून.

कुठला ड्रायव्हर ते कळलंच नाही तर त्याच दुरुस्तीच्या पडद्यावर 'सिस्टिम रिस्टोअर' आहे. आधीच्या एखाद्या तारखेची विंडोजची घडी परत बसवते. आपल्या फाइलना हात लावत नाही, त्या तारखेनंतर टाकलेले प्रोग्राम आणि ड्रायव्हर तेवढे जातात. पण त्यासाठी ती घडी आधी ठेवलेली हवी, आणि बऱ्याच यंत्रांत ही सोय बंदच असते. आज यंत्र चालू असताना शोधाच्या चौकटीत 'क्रिएट अ रिस्टोअर पॉइंट' टाइप करा, उघडेल त्या पानावर मुख्य डिस्कसमोर 'ऑन' आहे का बघा. तिथंच 'अनइन्स्टॉल अपडेट्स' हाही पर्याय दुरुस्तीच्या पडद्यावर मिळेल, ड्रायव्हर नाही तर विंडोजचाच अपडेट कारण असेल तेव्हा.

आणि सेफ मोडमध्येसुद्धा निळं पडलं, किंवा आतून कट-कट आवाज येत असेल, तर मात्र स्वत: खटपट थांबवा. ते बहुधा यंत्राच्या अंगाचं दुखणं. तेव्हा दुकानातच न्यायचं, पण बोलणं आपलं असू द्या. "डिस्क काढून दुसऱ्या कॉम्प्युटरला लावा, माझे फोल्डर आधी उतरवून माझ्या हातात द्या. मी ते उघडून बघेन. मग फॉरमॅटचं बोलू." कुलूपबंद डिस्क असेल तर त्या ४८ आकड्यांशिवाय त्यालाही ती वाचता येणार नाही, म्हणून किल्ली आपल्याजवळ हवी. आमच्या माणसाला मी हे नंतर सांगितलं. तो म्हणाला, "ताई, एवढं विचारतंय कोण?" खरंय त्याचं, विचारत नाही आपण. सोनाराकडे बांगडी टाकताना वजन समोर करून घेतो, चिठ्ठी घेतो. इथं यंत्र ठेवून येतो आणि कधी मिळेल एवढंच विचारतो.

आमची किल्ली ह्यांनी कागदावर उतरवली होतीच, ती कपाटात पेनड्राइव्हच्या डबीत ठेवली आहे. आता पेनड्राइव्हवर रविवारी-रविवारी उतरवते. केळ्याच्या कोफ्त्यांत मीठ घातलं, ती पाककृती पुढच्या वेळी देते. परवा त्या प्रोग्रामनं पुन्हा चिठ्ठी दाखवली, प्रिंटरचा नवा ड्रायव्हर आलाय म्हणून. प्रिंटर छापतोय. पर्युषणाच्या पत्रिका छापून होईपर्यंत त्याला हात लावायचा नाही असं ठरलंय.